उन्हाची इजा

माझं वय एकतीस. गेल्या सहा वर्षांत चेहरा, मान आणि हात मिळून माझी चौदा ऑपरेशनं झाली. उजवा डोळा काढला. नाकाची डावी बाजू मांडीच्या कातडीची आहे. नीट पाहिलं तर ती कळते, कारण माझ्या मांडीवर कधी ऊन पडलं नव्हतं आणि तेवढ्या भागावर एकही डाग नाही.

लोक बरे झाल्यावर आजारपणाबद्दल लिहितात. मी बरी झालेले नाही आणि होणारही नाही, त्यामुळे तोवर थांबण्यात अर्थ नाही. आमच्यासारख्याच एखाद्या घरात तोंडावर ठिपके असलेलं, उन्हात डोळे मिटून घेणारं लेकरू असेल आणि घरचे त्याला खेळायला बाहेर सोडत असतील, तर त्यांच्या वाचनात हे यावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

थोरला

आम्ही तीन भावंडं. थोरला गणेश, मग मी, मग सोमनाथ. शेवगावपासून बारा-तेरा किलोमीटरवर आमचं गाव. शेतात कापूस, तूर, आणि विहिरीला पाणी राहिलं तर थोडा ऊस. गणेशदादाला आणि मला वर्षाच्या आतच तोंडावर तपकिरी-काळे ठिपके उठायला लागले. आधी गालांवर, मग कपाळावर, मग हातांवर. सोमनाथला एकही आला नाही. उन्हात नेलं की आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तोंड लाल व्हायचं. गावात बायका म्हणत, हिनं दोन्ही खेपेला पोटुशी असताना ग्रहण पाहिलं असणार. आईनं पाहिलं नव्हतं. तरी ती दर वेळी आठवून पाहायची.

दादाला घरात धरून ठेवणं कोणालाच जमत नसे. शाळा सुटली की तो दप्तर ओसरीवर फेकून विहिरीवर पोहायला जायचा, नाहीतर माळावर क्रिकेट खेळायला. अकराव्या वर्षी त्याच्या खालच्या ओठावर फोड आला आणि तो बरा होईना. नगरला नेऊन कापला, तर तिथंच परत आला, आणि मग डोळ्याच्या कडेला दुसरा. शेवटच्या महिन्यांत आई त्याला चमच्यानं पेज भरवायची आणि निम्मी बाहेर सांडायची. तेराव्या वर्षी तो गेला. मी नऊ वर्षांची होते. आजाराचं नाव आम्हाला कोणी सांगितलं नाही. कॅन्सर हा एक शब्द घरात आला, तोही अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदाच उच्चारला.

त्यानंतर आईनं मला उन्हात जाऊ देणं बंद केलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं ताडलं होतं. शाळेला जाताना डोक्यावरून ओढणी, वर छत्री. मैदानावर जायचं नाही, खुरपायला यायचं नाही, धुणंसुद्धा सूर्य मावळल्यावर. भावकीत याची चर्चा व्हायची. एकदा चुलत्यांनी विचारलं, लेक काय काचंची हाय का? आई भाकरी थापता थापता म्हणाली, "व्हय, काचंचीच हाय." मला तेव्हा तिचा राग यायचा. माझ्या बरोबरीच्या मुली बोरं वेचायला जायच्या आणि मी दाराआड बसायची.

बाहेरून बी. ए. केलं आणि शेवगावात एका ई-सेवा केंद्रात कामाला लागले. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. गाळा आतल्या बाजूला होता, खिडकी नव्हती. लोक माझ्या तोंडाकडे पहिल्यांदा टक लावून पाहायचे, दुसऱ्यांदा आले की कमी, आणि तिसऱ्यांदा थेट म्हणायचे, ताई, आमचं आधार लिंक झालं का बघा. ती तीन वर्षं मी खरंच सुखात होते.

पुण्याच्या डॉक्टरांचा प्रश्न

पंचविसाव्या वर्षी नाकाच्या बाजूला मसुराएवढी गाठ आली. शेवगावातल्या डॉक्टरांनी चामखीळ म्हणून जाळली. दोन महिन्यांत ती तिथंच, मोठी होऊन आली. मग नगरच्या कातडीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट पाहून त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली. कॅन्सर आहे हे मला त्या पाण्याच्या ग्लासावरूनच कळलं.

पुण्याला आई आणि अण्णा दोघंही बरोबर आले. तिथल्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला, हात पाहिले, मग बाही वर सारून दंड पाहिला. दंड स्वच्छ होता. त्या बराच वेळ तो दंड आणि मनगट आळीपाळीनं पाहत राहिल्या. मग आईला म्हणाल्या, "तुम्ही दोघं नात्यातले आहात का?"

आईनं खुशीत सांगितलं, "व्हय. आत्याच्याच घरात दिली मला. ह्ये माज्या आत्याचं ल्योक." आमच्याकडे ही चांगलीच गोष्ट मानतात. पोरगी आत्याच्या घरात पडली म्हणजे तिला सासुरवास नाही.

आणखी मुलं किती, असं त्यांनी विचारलं. आईनं सोमनाथचं सांगितलं, मग गणेशदादाचं. ओठावरचा फोड, डोळ्याच्या कडेचा फोड. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. पेन खाली ठेवून त्या ऐकत राहिल्या.

आजाराचं नाव त्यांनी कागदावर लिहून दिलं, कारण आम्हाला ते उच्चारता येईना. झेरोडर्मा पिगमेंटोसम. नंतर त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. ऊन सगळ्यांच्याच कातडीला इजा करतं. कातडीच्या प्रत्येक पेशीत आईबापांकडून आलेली जी माहिती असते, डीएनए म्हणतात ती, ती उन्हानं जागोजागी बिघडते. माझीच नाही, रस्त्यानं चाललेल्या प्रत्येक माणसाची, रोज. पण पेशी तो बिघाड हेरतात, तेवढा तुकडा कापून काढतात आणि तिथं नवा भरतात. माणूस गुऱ्हाळावर रस पीत उभा असतो आणि आत हे काम चालू असतं, त्याला पत्ताही नसतो. माझ्या पेशींना बिघाड झालाय हेच ओळखता येत नाही. तो तसाच राहतो, दुसऱ्या दिवशीचा त्यात भर घालतो, आणि वर्षानुवर्षं साठत गेलं की एखादी पेशी ताळ सोडून वाढायला लागते.

अण्णांनी औषध विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, बिघाड ओळखायला पेशीत जे लागतं ते हिचं शरीर तयारच करत नाही, आणि ते बाहेरून घालण्याची सोय अजून नाही. ऊन टाळायचं. जे उगवेल ते लवकर काढायचं. इतकंच.

मग त्यांनी नात्याचा प्रश्न का विचारला ते सांगितलं. ही माहिती प्रत्येकाकडे दोन प्रतींमध्ये असते, एक आईची, एक बापाची. एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम भागतं, माणसाला आयुष्यभर कळतही नाही. आईकडे एक खराब, अण्णांकडे एक खराब, दोघांना ती त्यांच्या एकाच आजा-आजीकडून आलेली. मुलाला दोन्ही खराब मिळण्याचा संभव चारात एक. प्रत्येक खेपेला नव्यानं चारात एक.

आईनं विचारलं, "म्हंजी आमच्या लग्नानं झालं?"

डॉक्टर म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. उलट तुम्ही हिला सावलीत वाढवलंत म्हणून ही पंचवीस वर्षांची माझ्यासमोर बसलीय.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. आईनंही ऐकलं, पण वेगळं. परत येताना एसटीत ती माझ्या बाजूच्या खिडकीला पदर धरून बसली. केडगावपाशी गाडी थांबली, लोक उतरायला उठले, तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "मंग गनेशला का न्हाई मी धरून ठिवलं?"

अण्णा पुढच्या सीटवर होते. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

खिडकीजवळची खाट

पहिल्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी मला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. पडदा अर्धाच होता. मी नर्सला सांगितलं, ऊन चालत नाही मला. ती म्हणाली, कोणालाच चालत नाही, ताई, पंखा बघा तिकडंच आहे. तिची चूक नव्हती. तिला सत्तर पेशंट होते आणि माझ्या आजाराचं नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर शिर्डीत हार विकणारी एक मावशी होती. तिच्या जबड्याचं ऑपरेशन झालेलं, बोलता येत नव्हतं. तिनं उठून स्वतःची उशी, डबा, चप्पल माझ्या खाटेवर आणून टाकली आणि मला हातानं खूण केली की तिकडं जा. मग आपलं लुगडं खिडकीच्या गजांना बांधलं. चार दिवस ती माझ्या जागेवर झोपली. पाटीवर काहीतरी लिहून दाखवायची, पण तिला अक्षरं नीट येत नसत. एकदा तिनं नुसतं एक फूल काढलं, खाली बाण काढला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. शिर्डीला ये, हार देते, असं म्हणत असावी. तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा त्या खाटेवर दुसरंच कोणी होतं. मी विचारलं नाही.

हॉस्पिटलचे दिवस सगळे सारखे. पहाटे पाचला ताप पाहायला येतात. सातला चहा. ड्रेसिंगची गाडी येताना तिच्या चाकाचा आवाज येतो आणि सगळा वॉर्ड गप्प होतो. सगळ्यात वाईट ड्रेसिंग नाही, त्यानंतर आरसा मागावा की मागू नये हे ठरवणं. पाचव्या ऑपरेशननंतर मी मागणं सोडून दिलं.

घरी खिडक्यांच्या काचांना काळी फिल्म लावली. ट्यूब काढून एलईडी दिवे घेतले, कारण उन्हातले अपायकारक किरण साध्या ट्यूबमधूनही थोडे येतात असं कळलं. बाहेर जायचं तर अंगभर कपडे, हातमोजे आणि तोंडापुढं पारदर्शक ढाल. गल्लीतली पोरं वेल्डिंगवाली ताई म्हणायला लागली. सकाळच्या एसटीनं पुण्याला जाताना उजव्या बाजूची सीट धरायची, संध्याकाळी येतानाही उजवीच. ऊन दोन्ही वेळा डावीकडून येतं, हे मला कुठल्याही कंडक्टरपेक्षा पक्कं माहीत आहे. केंद्राच्या मालकांनी रस्त्यावरचा, समोरून काचेचा गाळा घेतला तेव्हा माझं काम सुटलं. त्यांनी घरून फॉर्म भरायला सांगितलं होतं. चार महिने भरले. मग तेही कमी होत गेलं.

लोक विचारतात, भीती वाटते का? भीती पहिल्या वर्षी वाटायची. आता रोज सकाळी बोटांनी चेहरा चाचपायचा, नवीन काही लागतंय का पाहायचं, लागलं की तारीख घ्यायची. भीतीला तेवढी फुरसत राहत नाही. राहतो तो कंटाळा. मरणाचा नाही, या चाचपण्याचा.

सोयरीक

माझा आजार कळून दोन वर्षं झाली तेव्हा सोमनाथची सोयरीक ठरली. मुलगी मामाची, म्हणजे आईच्या सख्ख्या भावाची, अर्चना. दोघांचं लहानपणापासून एकमेकांवर मन होतं, सगळ्यांना ते माहीत होतं. सुपारी फुटली. आईला तर आभाळ ठेंगणं झालं, माहेरची पोर सून म्हणून येणार.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की घरात नात्यात लग्न ठरलं तर आधी रक्त तपासा. सोमनाथला आजार नसला तरी त्याच्याकडे एक खराब प्रत असू शकते. मामांकडेही असू शकते, आणि त्यांच्याकडून अर्चनाकडे. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, आता बोलू नको. आईला सांगितलं. ती देवघरात जाऊन बसली.

म्हणून एका संध्याकाळी मामा आमच्याकडे आले असताना मीच त्यांच्यापुढं बसले आणि सांगितलं. लग्न करू नका असं मी म्हटलं नाही. दोघांचं रक्त तपासा, एवढंच म्हटलं.

मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुज्या तोंडाला झालंय त्ये आमच्या रगतातनं आलं म्हनतीस?"

"आपल्या सगळ्यांच्याच, मामा."

ते उठले. टोपी घातली. आईला म्हणाले, "हिचं सोताचं लगीन झालं न्हाई, म्हनून दुसऱ्याचं बघवत न्हाई हिला."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य पूर्ण खोटं नव्हतं. सोमनाथ मोबाईलवर अर्चनाचा फोटो दाखवायचा आणि मी तो नीट न पाहताच फोन परत द्यायची. मी बरोबर बोलत होते आणि मी जळतही होते, दोन्ही एकाच वेळी. त्या दिवसापासून मामा माझ्याशी बोलले नाहीत.

अर्चना मात्र आठवड्यात एकटीच शेवगावला आली. सोमनाथला बोलावून घेतलं आणि दोघांनी लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. माझ्या रक्ताची तपासणी आधीच झाली होती, त्यामुळे नेमकं काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं. महिन्यानं रिपोर्ट आला. दोघांकडेही एकेक खराब प्रत होती.

सोमनाथ मला म्हणाला, "आक्का, तिला सोडून दुसरी न्हाई करायची मला." अर्चना म्हणाली, दिवस गेल्यावर तपासता येतं, असं डॉक्टर म्हणाल्यात ना. येतं. मी तसंच सांगितलं. मामांना ते दोघांनी कळू दिलं नाही.

लग्न गोरज मुहूर्तावर झालं. मामांकडून निरोप आला की त्या ढालीसकट मला मांडवात बसवू नये, फोटोत बरं दिसत नाही. आई रडली. मी म्हटलं, मला तसंही दमायला होतं. खोलीत बसून लाउडस्पीकरवर मंगलाष्टका ऐकल्या. अक्षता पडल्याचा आवाज काही लाउडस्पीकरवर येत नाही, पण बँड सुरू झाला तेव्हा कळलं की लागलं.

आता ऑपरेशन नाही

गेल्या वर्षी उजवा डोळा गेला. पापणीच्या आतून उगवलं होतं आणि मागं पसरलं होतं. डोळा काढल्यावर महिनाभर मी पेला भरताना पाणी बाहेर ओतायची. मग सवय झाली.

त्यानंतर कानामागं केसांत एक काळा डाग सापडला. आईला सापडला, डोकं विंचरताना. हा आधीच्या गाठींसारखा नव्हता. तो काढेपर्यंत गळ्यातल्या गाठींत गेला होता आणि तिथून फुप्फुसात. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन सुरू केलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या की काही जणांना याचा फार चांगला गुण येतो. चार इंजेक्शनं झाली आणि फुप्फुसातले ठिपके वाढलेच. मला गुण आला नाही. एरवी असं काही सांगायचं तर त्या आईला बाहेर पाठवत, त्या दिवशी पाठवलं नाही. आता ऑपरेशन नाही, एवढंच म्हणाल्या, आणि माझा हात हातात घेऊन बसल्या. त्यांच्या दाराबाहेर रांग होती, तरी बसल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी अर्चनानं मला सांगितलं की तिला दिवस गेलेत.

अर्चनाचा प्रश्न

तिसऱ्या महिन्यात पुण्याला नेऊन तपासणी केली. तिथं खूप फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, कायदाच तसा आहे. मला ते बरं वाटलं. आम्हाला फक्त एकच गोष्ट विचारायची होती, आणि पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. दोन्ही प्रती खराब.

सोमनाथ शेतावर निघून गेला आणि अंधार पडल्यावर आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ठेवायचं की नाही हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. कायद्यानं मुभा आहे, सक्ती कशाचीच नाही, पण फार दिवस हातात नाहीत.

चार दिवस अर्चना घरातलं काम करत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून माझ्या पायाशी बसली. लग्नानंतर तिनं मला अहो-जाहो केलं नाही. लहानपणी आक्का म्हणायची तशीच म्हणते. बराच वेळ ती चादरीचा दोरा ओढत राहिली.

"आक्का, खरं सांग. तुला जलमाला आल्याचं बरं वाटतं का?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, आईनं नाही. मी स्वतःलाही असा समोरून विचारला नव्हता. खोटं बोलणं सोपं होतं, दोन्हीकडचं. हो म्हटलं असतं तर तिनं ठेवलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिचं ओझं उतरलं असतं.

मी तिला माझा दिवस सांगितला. सकाळचं चाचपणं. उरलेल्या डोळ्यात दर तासाला टाकायचे थेंब. सहावीत असताना वर्गाची सहल गेली आणि मी दाराच्या फटीतून गाडी पाहिली, ते. ई-सेवा केंद्रात एका म्हाताऱ्याची पेन्शन सुरू झाली आणि त्यानं मला पेढा आणून दिला, तेही. आणि आता श्वास घेताना डाव्या बाजूला जे टोचतं, ते.

मग म्हटलं, "मी आले याचं मला वाईट वाटत न्हाई. पन मला कुनाला धाडायचं झालं, तर मी धाडनार न्हाई."

तिनं मान हलवली. आई दाराबाहेर उभी होती हे मला नंतर कळलं. तिनं सगळं ऐकलं होतं.

दोन दिवसांनी सोमनाथ आणि अर्चना पुण्याला गेले.

त्यानंतर

मामांना, अर्चनाचं पोट आपोआप पडलं, असं सांगितलं. ते येऊन लेकीला भेटून गेले. माझ्या खोलीच्या दारापर्यंत आले, थांबले आणि परत गेले.

आईनं अर्चनाला बाळंतिणीसारखं केलं. अंगाला तेल लावून न्हाऊ घातलं, शेगडी पेटवून शेक दिला, डिंकाचे लाडू केले. शेजारणीनं विचारलं, अगं, लेकरू नसताना कशाला? आई म्हणाली, आईच हाय ती. आणि पुढचा लाडू वळायला घेतला.

ज्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं त्यांना माझं सांगणं थोडकंच आहे. लेकराला उन्हाचे ठिपके लवकर उठत असतील, उजेडात डोळे उघडत नसतील, तर चामखीळ आणि ग्रहण यांत वर्षं घालवू नका. मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. तोवर त्याला सावलीत ठेवा, लोक काही म्हणोत. नात्यात लग्न ठरत असेल आणि घरात असं एखादं लेकरू होऊन गेलं असेल, तर आधी रक्त द्या. यानं सगळं चांगलं होईल असं मी म्हणत नाही. सोमनाथ-अर्चनाला सगळं वेळेवर कळलं, तरी जे झालं ते तुमच्यापुढं आहे. फक्त कोणाला पंचवीस वर्षांनी, परक्या गावच्या डॉक्टरसमोर बसून कळू नये.

अर्चना दुपारी माझ्या खोलीत येऊन झोपते. घरात एवढी एकच खोली अंधारी आणि गार आहे. काल ती झोपली होती, तोंड भिंतीकडं, एक हात पोटावर. मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात हिशेब नव्हता, पश्चात्ताप नव्हता. एवढंच आलं की माझ्यासारखा, माझ्या रक्ताचा आणखी एक जीव या घरात तीन महिने होता. सावलीचा कोपरा कुठला, खिडकीपासून किती अंतरावर बसायचं, पोरांनी चिडवलं तर काय म्हणायचं, त्याला कसं वाढवायचं हे सगळं इथं फक्त मला येतं. मी ते करू शकले असते.

पण त्याला रांगता येईपर्यंतही मी राहणार नव्हते.